सांगितलं तसं टाइप केलं

“संगणक बंद करू नका! बंद केल्यास आपली सर्व माहिती कायमची नष्ट होईल!”

हेडफोनमधून कुणी बाई थेट कानात ओरडली, तसे टकटकबाईंनी हेडफोन ओरबाडून काढले. पडदा लालभडक झाला होता. मधोमध पांढऱ्या अक्षरांत एक फोन नंबर होता, खाली ‘ताबडतोब संपर्क साधा’ असं लिहिलं होतं, आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून भोंगा बारीक आवाजात वाजतच होता. बाईंनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, माऊस हलवून पाहिला. पडदा ढिम्म. सकाळचे पावणेअकरा झाले होते. डॉक्टरांची दोन रेकॉर्डिंगं टाइप व्हायची होती. बाईंनी केलं होतं ते इतकंच, की एका औषधाचं नाव नीट ऐकू येईना म्हणून इंटरनेटवर शोधायला गेल्या आणि समोर आलेल्या पहिल्या चौकटीवर टिचकी मारली.



टकटकबाई हे नाव त्यांना इमारतीनं दिलेलं. सकाळी नऊ ते दुपारी दोन त्यांच्या खिडकीतून टकटक ऐकू यायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक म्हणे तिच्यावर घड्याळं लावायचे. आधी सोळा वर्षं एका कचेरीत साहेबांचं डिक्टेशन, मग बावीस वर्षं एका मनोविकारांच्या डॉक्टरांचं काम. पेशंट डॉक्टरांसमोर बसून मन मोकळं करायचे, त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं, ते बाईंच्या घरी यायचं. पायाखालच्या पट्टीनं आवाज थांबवायचा, मागे घ्यायचा, पुढे सोडायचा. आणि कानात पडेल ते बोटांनी उतरवायचं. डोकं मध्ये आणायचं नाही. बाईंच्या बोटांना इतकी सवय झाली होती की भाजी चिरताना रेडिओवर बातम्या लागल्या तरी मोकळ्या हाताची बोटं ओट्यावर हलायला लागायची.

आणि तोंड? तोंडाचं तर नावच घ्यायला नको. बावीस वर्षांत या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. शेजारणी आडून आडून विचारून थकल्या. बाईंनी ब्र काढला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान बाळगावा असं दुसरं काही त्यांच्याजवळ फारसं नव्हतंही.

बाईंचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण हौस गेली नव्हती. घराच्या दाराला तीन कड्या, एक साखळी, बाहेर बघायला एक भोक. खिडक्यांना गज. “आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” असं विचारलं की म्हणायचा, “तू आहेस की.” संगणकाकडे मात्र त्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि बाईंनीही नाही. रोज सकाळी संगणक कोपऱ्यात एक पाटी दाखवून विचारायचा, अपडेट करू का? बाई रोज ‘नंतर’वर टिचकी मारायच्या, कारण एकदा हो म्हटलं तेव्हा पाऊण तास त्या फिरत्या गोलाकडे बघत बसावं लागलं होतं. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्राम होता, तोही मुदत संपून वर्षभर निजला होता. कुलूपवाल्याच्या घरात हे एक दार सताड उघडं होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

बाईंनी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“नमस्कार. बोला काकू.”

“अहो, माझ्या संगणकावर...”

“लाल पडदा आलाय, हो ना? घाबरू नका. वेळेवर फोन केलात. पाच मिनिटं उशीर झाला असता तर सगळं गेलं असतं बघा. शांत बसा. मी सांगतो तसं करत जाल?”

आवाज गोड होता, घरातल्या माणसासारखा. बाईंना एकदम हायसं वाटलं. कुणीतरी सांगणारं भेटलं म्हणजे बाईंचा जीव नेहमीच भांड्यात पडायचा.

“डावीकडे खाली खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे, ते दाबून धरा. आता ‘आर’ अक्षर दाबा. चौकट आली? छान. आता एकेक अक्षर सांगतो.”

तो सांगत गेला. बाईंनी फोन मान आणि खांद्यात दाबून धरला आणि बोटं कळफलकावर ठेवली. मग बोटं जी सुटली ती सुटलीच. अक्षर, अक्षर, बिंदू, तिरपी रेघ, आकडा. त्यानं ‘बिंदू’ म्हणून पुरतं व्हायच्या आत बिंदू पडत होता. आपण काय लिहितोय, हे कशाचं नाव, कुठला पत्ता, असा विचार मनात आलाच नाही. आला असता तरच नवल. अडतीस वर्षं असा विचार न करण्याचाच त्यांना पगार मिळत आला होता.

“काय स्पीड आहे काकू! कमाल! इतकं बिनचूक टाइप करणारं मला आजवर कुणी भेटलं नाही.”

बाई चक्क लाजल्या. डॉक्टरांनी बावीस वर्षांत ‘मिळालं’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

“आता संगणक विचारेल, परवानगी देऊ का. हो म्हणा.”

बाईंनी हो म्हटलं. हो म्हटल्यावर मग वाचलं. ‘या व्यक्तीला आपला संगणक चालवू द्यायचा आहे का?’ असं तिथे लिहिलेलं होतं. तोवर चौकट मिटली होती.

“झालं. आता हात काढून घ्या आणि आरामात बसा.”

बाईंनी हात मांडीवर ठेवले. आणि पडद्यावरचा बाण हलला. माऊसला कुणाचा हात नव्हता, तरी बाण सरकत होता. आपल्या घरात कुणी परका माणूस चपला न काढता शिरावा आणि एकेका कपाटाला हात लावत फिरावा, तसा तो पडद्यावरून फिरत होता. वरच्या फोटोंच्या फाइलींवर थांबला, पुढे गेला. पत्रांवर थांबला, पुढे गेला. मग ‘डॉक्टर’ असं लिहिलेल्या फोल्डरवर आला आणि तिथेच थांबला.

“त्यात काही नाही,” बाई घाईनं म्हणाल्या. “ते माझं काम आहे. ते राहू द्या.”

“तपासावं लागतं काकू.”

फोल्डर उघडला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या फोल्डरमध्ये काही असायलाच नको होतं. डॉक्टरांचा नियम होता: टाइप करा, पाठवा, पुसून टाका. नावं नाहीत, फक्त नंबर. पण फार पूर्वी एकदा डॉक्टरांकडची एक फाइल हरवली आणि बाईंकडे ती नेमकी शिल्लक निघाली. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून बाई काहीच पुसत नव्हत्या, असू दे, लागलं तर असावं म्हणून. आणि नंबर काही लक्षात राहीनात, तेव्हा त्यांनी आपल्या सोयीनं फाइलींना नावं देऊन टाकली होती. ‘पुलावरचा’. ‘तीन बहिणींतली मधली’. ‘लॉन्ड्रीवाली’. चौसष्ट माणसं. पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी उगवली आणि डावीकडून उजवीकडे भरत चालली. फाइली कुठेतरी निघाल्या होत्या.

“काय काय आहे हो काकू तुमच्याकडे!” आवाजातला घरातला माणूस आता गेला होता. त्यानं एक फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला. “‘लॉन्ड्रीवाली. शनिवारी निघायचं पक्कं केलं आहे. मुलगी बरोबर.’ पत्तासुद्धा आहे का? वा. ‘दुकानाच्या या नंबरवर कधीही फोन करू नये, फोन नवरा उचलतो.’” तो हसला. “मग इथेच करून बघू की.”

“अहो!” बाई किंचाळल्या. फोनवरच्याला नव्हे, नवऱ्याला. “अहो, इकडे या! लवकर या!”

नवरा हातातलं कुलूप तसंच घेऊन धावत आला. त्याला काही समजलं नाही, पण बायकोचा चेहरा दिसला, पडद्यावर आपोआप फिरणारा बाण दिसला. त्यानं खाली वाकून भिंतीतले सगळे प्लग एका हिसक्यात उपटले. पडदा काळा झाला. फोन मात्र चालूच होता.

“बंद केलंत? हरकत नाही,” आवाज म्हणाला. “आमच्याकडे आलंय सगळं. एकेकाशी बोलून घेतो, मग तुमच्याशी बोलू.”

आणि फोन ठेवला गेला.

बाई खुर्चीतच बसून राहिल्या. नवऱ्यानं पाणी आणून दिलं, ते अर्धं पदरावर सांडलं. तुटक तुटक त्यांनी सगळं सांगितलं. नवरा ऐकत राहिला आणि शेवटी जे म्हणाला ते त्यानं म्हणायला नको होतं, पण त्याचा धंदाच तसा.

“कुलूप फोडायच्या भानगडीत हल्ली कुणी पडत नाही. किल्ली मागून घेतात. तू दिलीस.”

“मी फक्त सांगितलं तसं टाइप केलं हो.”

“तेच म्हणतोय मी.”

बाईंना रडू फुटलं. नवऱ्याला वाईट वाटलं, पण तो मऊ बोलणाऱ्यातला नव्हता. तो शेजारी स्टुलावर बसला. “हे बघ. घरफोडी झाली की मी लोकांना काय सांगायचो? काय गेलं ते नंतर मोजा. कुठलं दार अजून उघडं आहे ते आधी बघा. कुठलं उघडं आहे?”

बाईंना विचार करावा लागला नाही. लॉन्ड्री त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला होती. दोन वर्षांपूर्वी तो आवाज पहिल्यांदा हेडफोनमध्ये आला तेव्हाच त्यांनी ओळखला होता. आठवड्यापूर्वीच तिच्याकडे पडदे धुवायला दिले होते. नवरा तिला मारायचा. चेहऱ्यावर नाही, गिऱ्हाइकांसमोर उभं राहावं लागतं म्हणून. एकदा गरम इस्त्री दंडाला लावली होती. तिनं दोन वर्षं घेऊन, हळूहळू, घाबरत घाबरत निघायचं ठरवलं होतं. दिवस ठरला होता, जागा ठरली होती. ‘त्याला आधी कळलं तर तो मला जिवंत सोडणार नाही,’ असं ती डॉक्टरांना म्हणाली होती, आणि बाईंनी ते वाक्य पूर्णविरामासकट टाइप केलं होतं. आज मंगळवार होता.

क्षणभर बाईंच्या मनात येऊन गेलंच. कुणाला काय कळणार? त्यानं नुसतं घाबरवायला म्हटलं असेल. कुठला कोण तो, कशाला फोन करतोय? गप्प बसलं तर काम राहील, नाव राहील. गप्प बसणं तर त्यांना जन्मभर जमत आलेलं. हा विचार आला आणि त्याची त्यांना इतकी भीती वाटली की त्या उठल्याच.

“दवाखान्यात जाते,” त्या म्हणाल्या.

दवाखान्यात बाई आजवर चारदाच गेल्या होत्या, तेही मागच्या दारानं. पेशंटांची गाठ पडू नये म्हणून तसा नियम होता. डॉक्टर उंच, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फाइली पुसल्या नव्हत्या हेही सांगितलं, नावं दिली होती हेही. डॉक्टर ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांवर हात धरला.

“चौसष्ट,” ते म्हणाले.

“हो.”

“पोलिसांना कळवतो. बाकीच्यांना मी एकेक फोन करतो, आत्ताच. आणि...” त्यांना पुढचं बोलायला जड जात होतं. “तुम्हाला आता काम पाठवता येणार नाही मला. समजतंय ना?”

“समजतंय.”

बावीस वर्षं इतक्यात संपली. पण त्याचं दुःख करायला बाईंना त्या वेळी सवड नव्हती.

“तिला फोन करता येत नाही,” बाई म्हणाल्या. “ती गुरुवारी येते. तोवर तो चोर फोन करेल.”

“मी तिच्या दुकानात जाऊ शकत नाही. एकदा तिच्या नवऱ्यानं मला तिच्याशी बोलताना पाहिलंय.”

“मी जाते. मी गिऱ्हाईक आहे तिथली.”

डॉक्टरांनी पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. मग त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला. बहीण गाडी घेऊन लॉन्ड्रीवालीच्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी पावणेतीनला थांबेल, तिथून सरळ गावाबाहेर नेईल, असं ठरलं. आधी ठरलेली जागा आता उपयोगाची नव्हती. तिचा पत्ता फाइलीत होता. चिठ्ठी लिहायला डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि सवयीनं सांगायला लागले, “लिहा. आपणांस कळवण्यास खेद वाटतो की...”

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं.

“डॉक्टर, मी माझंच लिहू का?”

आयुष्यभर लाखो वाक्यं लिहिली, पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ बाईंवर कधी आली नव्हती. चार ओळींना पाऊण तास लागला. ‘डॉक्टरांकडे तुम्ही बोलता ते मी दोन वर्षं टाइप करते आहे. माझ्या चुकीनं ते चोरांच्या हाती गेलं. दुकानात कधीही फोन येईल. शनिवारची वाट पाहू नका, आज निघा. ठरलेल्या जागी जाऊ नका. पावणेतीनला शाळेच्या फाटकाशी डॉक्टरांची बहीण निळी गाडी घेऊन थांबेल.’ खाली सही कुणाची करावी कळेना. शेवटी त्यांनी ‘पडदेवाली’ असं लिहिलं.

सव्वादोनला बाई लॉन्ड्रीत पोचल्या. हातात नवऱ्याचा जुना कोट, कोटाच्या आतल्या खिशात चिठ्ठी. नवरा समोरच्या फुटपाथवर थांबला होता. “मी इथे आहे. हाक मार,” असं म्हणाला होता. कोटाची युक्ती बाईंना रेकॉर्डिंगमधूनच सुचली होती. ‘खिसे मलाच बघावे लागतात. तो खिशांना हात लावत नाही,’ असं ती एकदा म्हणाली होती.

दुकान गरम होतं. पडद्यामागे कुठेतरी मशिन घरघरत होतं. लॉन्ड्रीवाला काउंटरवर पावत्या लिहीत बसला होता. धिप्पाड, हसतमुख, रस्त्यातल्या सगळ्यांचा आवडता. त्याच्या कोपराशी फोन होता. बाईंची नजर त्या फोनवरून हलेना.

“या, या! आज कोट? थंडी तर संपली की.”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या. “धुऊन ठेवून द्यावा. आतल्या खिशाचं अस्तर उसवलंय, ताई बघतील का जरा?”

“अगं ए!”

ती आतून आली. बारीक, मनगटापर्यंत लांब बाह्या. कोट घेतला, आतल्या खिशात हात घातला. तिच्या बोटांना कागद लागला असणार, पण चेहऱ्यावर रेषही हलली नाही. दोन वर्षांत काय काय लपवायला शिकली होती कोण जाणे.

“उजेडात बघावं लागेल,” ती म्हणाली आणि कोट घेऊन आत गेली.

तेवढ्यात फोन वाजला.

बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. लॉन्ड्रीवाल्यानं फोन उचलला. “हां... हां... कधी हवेत?... चाळीस टॉवेल? होतील की.” फोन ठेवला.

“बरं नाही का हो? चेहरा पांढरा पडलाय तुमचा.”

“उकडतंय.”

बाहेर एका गाडीनं हॉर्न दिला. कपड्यांचं गाठोडं आलं होतं. तो उठून दारात गेला, गाडीवाल्याशी काहीतरी हसून बोलायला लागला. तशी ती पडद्याआडून बाहेर आली आणि काउंटरच्या अगदी जवळ उभी राहिली. चेहरा कागदासारखा झाला होता.

“तुम्ही ऐकता? सगळं?”

“हो.”

“दोन वर्षं?”

“हो. माझं चुकलं. मला माफ...”

“इस्त्रीचंसुद्धा?”

बाईंनी मान हलवली.

“आणि दर पंधरवड्याला इथे येऊन त्याच्याशी हसून बोलून पावती घेऊन जात होता,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाहेर ऐकू जाईल इतका तिचा आवाज कधी चढतच नसे. “तुम्हाला काही वाटलं नाही?”

बाईंना सांगायचं होतं की, तो नियम होता, ते माझं काम होतं, मी कुणाला कळू दिलं नाही. बावीस वर्षं ज्याचा अभिमान धरला होता तेच आता तोंडातून काढायची लाज वाटत होती. वाटलं होतं. दर वेळी वाटलं होतं. वाटून घरी जाऊन त्या पुन्हा टाइप करायला बसल्या होत्या.

“त्याला इथे धरून ठेवा,” ती म्हणाली. “दहा मिनिटं. तेवढं तरी करा.” आणि आत गेली.

लॉन्ड्रीवाला गाठोडं उचलून आला. ते घेऊन तो पडद्याकडे वळतोय असं दिसताच बाईंच्या तोंडून शब्द फुटले.

“मागच्या वेळचे पडदे तुम्ही खराब केलेत!”

तो थांबला. “आं?”

“निळे पडदे. कडेचा रंग उडाला. घरी गेल्यावर पाहिलं. मी काही बोलले नाही, म्हणून काय वाट्टेल ते चालवून घ्यायचं?”

बाईंना भांडता यायचं नाही. कधी भांडल्याच नव्हत्या. पण त्या भांडल्या. पडद्यांवरून उशांच्या अभ्र्यांवर आल्या, अभ्र्यांवरून तीन वर्षांपूर्वी हरवलेल्या एका बटणावर. आवाज मध्येच चिरकत होता, आणि एकेक खोटी तक्रार सुचेल तशी त्या पुढे ढकलत होत्या. लॉन्ड्रीवाला आधी हसला, मग समजूत काढायला लागला, मग वैतागला. गाठोडं त्यानं काउंटरवर आपटलं. जुनी पावती शोधायला वही उघडली. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले. पाच मिनिटं झाली. सात झाली. आत मशिन थांबलं, मागोमाग कुठेतरी दाराचा हलका आवाज झाला, आणि बाई तो आवाज बुडवायला अजून मोठ्यानं बोलल्या.

फोन वाजला.

“राहू द्या तो!” बाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक समोर उभं आहे!”

“अहो बाई, थांबा जरा,” म्हणून त्यानं उचलला. “बोला... हो, लॉन्ड्रीच. कोण आपण?”

मग तो ऐकत राहिला. तो आवाज केवढा गोड आहे ते बाईंना ठाऊक होतं.

“कसला डॉक्टर?” लॉन्ड्रीवाला म्हणाला. “शनिवारी काय?”

त्यानं फोन ठेवलासुद्धा नाही. हातातून सोडून दिला आणि पडदा एका झटक्यात बाजूला करून आत गेला. “अगं ए! ए!” बाईंना हाका ऐकू येत होत्या. पहिली मोठी, दुसरी त्याहून मोठी. उलट उत्तर नव्हतं. पळून जावं असं बाईंना फार वाटलं. दार चार पावलांवर होतं, नवरा समोर उभा होता. पण आपण गेलो तर हा लगेच रस्त्यावर येईल, आणि शाळा रस्त्याच्या पलीकडेच आहे, हे त्यांना दिसत होतं. त्या थांबल्या.

तो परत आला तेव्हा त्याचा हसतमुख चेहरा कुठे नव्हता. तो काउंटरला वळसा घालून बाईंच्या समोर येऊन उभा राहिला. बाईंना त्याचे हात दिसत होते.

“ती कुठे गेलीय, तुम्हाला काही माहीत आहे?”

‘मला काय माहीत’ एवढंच म्हणायचं होतं. हे तीन शब्द बाई आयुष्यभर म्हणत आल्या होत्या आणि ते त्यांच्या जिभेवर तयारच होते.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “सगळं माहीत आहे मला. दोन वर्षं माहीत आहे. सांगणार नाही.”

तो एक पाऊल पुढे आला. बाई मागे सरल्या नाहीत, कारण पाय हलण्यापलीकडे गेले होते. दारात सावली पडली. बाईंचा नवरा आत येऊन उभा राहिला होता, न बोलता. काउंटरवरून लोंबकळणाऱ्या फोनमधून अजून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत होतं.

पडदा बाजूला सरकलेलाच होता. आतली खोली बाईंनी आज पहिल्यांदा पाहिली. पांढऱ्या चादरींची चळत घडी करून ठेवली होती, कडेला कड जुळवून. इस्त्रीचं बटण बंद होतं, वायर नीट गुंडाळलेली होती, आणि काही जळू नये म्हणून जाताना तिनं ती उभी करून ठेवली होती.